दोघांच्या गोष्टीतला तिसरा

आमच्या देवळामागच्या खोलीत एक पोलादी कपाट होते. वरच्या कप्प्यांत उपासनेच्या गायनाची जादा पुस्तके, मधल्यात नाताळच्या नाटुकलीतल्या मेंढपाळांचे फेटे आणि डांबराच्या गोळ्या. अगदी तळाशी, वाकल्याशिवाय दिसू नयेत अशा बेताने, शंभरेक इंग्रजी कादंबऱ्या. मायदेशी परतलेल्या कुणा मिशनरी बाईंनी त्या मागे ठेवल्या होत्या. मुखपृष्ठावर बहुधा टोपी बांधलेली मुलगी, मागे गव्हाचे शेत आणि तिच्यापासून चांगले हातभर अंतर राखून उभा असलेला एक तरुण. पाळकबाई ही पुस्तके आम्हा मुलींना बिनदिक्कत देत. घरीही कुणी काही विचारत नसे, कारण पुस्तक देवळातून आलेले. माझ्या वर्गमैत्रिणीला फडक्यांची कादंबरी गणिताच्या वहीत लपवावी लागे, आणि माझी प्रेमकथा जेवणाच्या टेबलावर उघडी पडलेली असे. आई तिच्यावर मिठाची बरणीसुद्धा ठेवी.

त्या तळच्या कप्प्याची ओळख करून देण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. किशोरवयीन आणि नुकत्याच तरुण झालेल्या वाचकांसाठी लिहिलेली, ख्रिस्ती श्रद्धेच्या चौकटीत घडणारी निर्मळ प्रेमकथा हा त्याचा विषय. इंग्रजीत, त्यातही अमेरिकेत, या प्रकाराला स्वतःचे प्रकाशक आहेत, पारितोषिके आहेत, अभ्यासक आहेत आणि टिंगल करणारेही आहेत. मराठीत त्याच्याविषयी सलग असे फारसे लिहिले गेलेले नाही. आणि तरी, पुढे सांगणार आहे त्याप्रमाणे, या प्रकाराचा एक धागा मराठी कादंबरीच्या अगदी पहिल्या पानाशी जाऊन पोचतो.

‘निर्मळ’ हा शब्द मी बऱ्याच विचाराने घेतला. ‘सोज्वळ’ म्हटले की मराठी मनात कपाळभर कुंकू लावलेली, मान खाली घातलेली नायिका उभी राहते आणि ‘सात्त्विक’ म्हटले की ताटातले वरणभात. या कादंबऱ्यांतल्या मुली तशा नाहीत. त्या चिडतात, खोटे बोलतात, चुकीच्या मुलावर भाळतात, देवाशी भांडतात. निर्मळपणा आहे तो सांगण्याच्या रीतीत. शयनगृहाचे दार वाचकाच्या तोंडावर बंद होते, शिवी कानी पडत नाही, दारू प्यायलीच तर तिचे कौतुक होत नाही.

एवढ्यावरून बरेच जण या कादंबरीची व्याख्या नकारांच्या यादीने करतात: हे नाही, ते नाही. प्रकाशकांकडेही अशा याद्या असतात. पण यादीने कादंबरी होत नाही. साधी प्रेमकथा दोघांची असते. इथे तिसरा एक जण सतत हजर असतो आणि तो खलनायक नसतो. नायिकेला नायक आवडतो की नाही, या प्रश्नाच्या जोडीने आणखी एक प्रश्न चालू असतो: तिचे आणि देवाचे काय चालले आहे? दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. चांगल्या कादंबरीत एकाची गाठ सुटल्याखेरीज दुसऱ्याची सुटत नाही. वाईट कादंबरीत देव शेवटच्या प्रकरणात लग्नाचा दाखला द्यायला येतो. या प्रकारातली बरीवाईट पुस्तके ओळखण्याची माझी कसोटी एवढीच आहे, आणि पुढच्या पानांत मी ती पुन्हापुन्हा लावली आहे.

या गोष्टींची कथानके कुठून आली हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात अब्राहामाचा नोकर इसहाकासाठी मुलगी शोधायला निघतो. विहिरीवर रिबेका त्याला पाणी देते आणि त्याच्या उंटांनाही पाजते. सगळे ठरल्यावर घरचे तिला बोलावून विचारतात, जाशील का? ती हो म्हणते. मुलीला विचारले गेले, ही बारीकशी गोष्ट या परंपरेतल्या लेखिकांनी फार मोलाची मानली. राहेलसाठी सात वर्षे राबणारा याकोब, परक्या मुलखात सासूबरोबर आलेली विधवा रूथ, हरवलेल्या बायकोला परत आणणारा होशेय. थांबणे, परकेपण, क्षमा. शेकडो कादंबऱ्या या तीन खुंट्यांवर टांगता येतील. चौथी खुंटी पौलाची. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात विश्वासी माणसाने विजोड जुवात मान घालू नये, असे तो बजावतो. मुलगा सगळ्या बाजूंनी चांगला आहे, पण त्याची श्रद्धा नाही, हा या कादंबऱ्यांतला सर्वांत मोठा अडथळा तिथून येतो. आपल्याकडच्या कथांत जात, पत्रिका, हुंडा जे काम करतात ते इथे हे जू करते. फरक असा की हा अडथळा घालणारा बाप दारात काठी घेऊन उभा नसतो, तो मुलीच्या मनातच असतो.

गंमत म्हणजे ज्या मंडळींनी पुढे हा प्रकार उचलून धरला, त्यांचे पूर्वज कादंबरी या वस्तूलाच पाप मानत. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातल्या भाविक घरांत कादंबरी वाचणे म्हणजे वेळेची नासाडी आणि मनाची घसरण होती. त्या विरोधाच्या आघाडीवर असलेल्या हॅना मोर यांनीच 1808 मध्ये ‘सीलेब्स इन सर्च ऑफ अ वाइफ’ ही कादंबरी लिहिली. एक सज्जन तरुण बायको शोधत घरोघर फिरतो आणि प्रत्येक घरातल्या मुलींच्या वळणावर प्रवचन करतो. आज ती वाचणे म्हणजे शिक्षाच आहे, पण तेव्हा ती हातोहात खपली. विष उतरवायला विषच द्यावे, असा तो हिशोब होता.

पुढे दार उघडले ते रविवारच्या शाळांनी. 1799 मध्ये लंडनला रिलिजस ट्रॅक्ट सोसायटी निघाली, 1824 मध्ये अमेरिकेत संडे स्कूल युनियन. मुलांना वाचायला शिकवले की वाचायला काहीतरी द्यावे लागते. पत्रकांतून गोष्टी आल्या, गोष्टींतून बक्षिसाची पुस्तके आणि बक्षिसाच्या पुस्तकांतून, कुणाच्या फारसे लक्षात न येता, कादंबऱ्या. 1880 मध्ये लंडनच्या त्याच ट्रॅक्ट सोसायटीने ‘गर्ल्स ओन पेपर’ काढला. हा केवळ प्रोटेस्टंट सुवार्तिकांचा उद्योग नव्हता. ऑक्सफर्ड चळवळीच्या छायेत वाढलेल्या शार्लट यंग या अँग्लिकन बाई आपले लेखन जॉन केबल या धर्मगुरूंना दाखवून घेत. त्यांची ‘द एअर ऑफ रेडक्लिफ’ 1853 ची. तिच्यातला नायक आपल्या रागीट स्वभावाशी झुंजतो, आणि इतका देखणा झुंजतो की कॉलेजातली मुलेसुद्धा त्याच्यासारखे होऊ पाहत. तिच्या मिळकतीतला वाटा मेलानेशियातल्या मिशनच्या जहाजासाठी गेला. प्रेमकथेच्या पैशातून जहाज, हे मला अजून नवल वाटते.

अमेरिकेत सुझन वॉर्नर यांच्या ‘द वाइड, वाइड वर्ल्ड’ने 1850 मध्ये आणि मारिया कमिन्स यांच्या ‘द लॅम्पलायटर’ने 1854 मध्ये खपाची नवी पातळी दाखवली. पोरकी मुलगी, तिला देवाची आणि माणसांची ओळख करून देणारा वडीलधारा स्नेही, आणि शेवटी हलकी लग्नाची चाहूल. नॅथॅनिएल हॉथॉर्न या थोर लेखकाने प्रकाशकाला पत्र लिहून या लिहिणाऱ्या बायकांच्या झुंडीवर जो राग काढला, त्यात त्याचा स्वतःचा न झालेला खप स्पष्ट दिसतो. याच मातीतून 1868 मध्ये लुइसा मे अल्कॉट यांची ‘लिटल विमेन’ उगवली. शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळे ती मराठी मुलींच्या घरातली झाली. मार्च बहिणींचा सगळा प्रवास जॉन बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या ख्रिस्ती रूपककथेच्या सांगाड्यावर उभा आहे, हे मात्र ती वाचताना आपल्यापैकी कितीजणींच्या ध्यानात आले होते? माझ्या तर नव्हते, आणि मी ख्रिस्ती घरातली.

आज आपण ज्याला ख्रिस्ती प्रेमकथा म्हणतो तिला तिचे रूप देणारी बाई म्हणजे ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल. जन्म 1865 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या वेल्सव्हिलचा. वडील प्रेस्बिटेरियन पाळक, आणि मावशी इसाबेला आल्डन ‘पॅन्सी’ या नावाने संडे स्कूलच्या गोष्टी लिहिणारी. पहिले लग्नही पाळकाशीच. 1899 मध्ये नवरा अॅपेंडिसायटिसने गेला, पदरात दोन मुली. मग टंकयंत्र हेच घर चालवण्याचे साधन झाले. 1947 मध्ये मरेपर्यंत त्यांनी शंभरावर पुस्तके लिहिली. शेवटचे अपुरे राहिलेले त्यांच्या मुलीने पुरे केले.

त्यांच्या कादंबऱ्यांवर हसणे सोपे आहे. गरीब मुलगी चांगली, श्रीमंत मुलगी ओठ रंगवणारी, नायकाचे मन उपासनेत पालटते आणि त्याच्याकडे गाडीही असते. पण 1918 ची ‘द एन्चँटेड बार्न’ उघडून पाहा. शर्ली हॉलिस्टर ही टंकलेखन करणारी मुलगी. आई आजारी, भावंडे लहान, भाड्याचे घर सोडायची वेळ आलेली. ट्रॉलीतून जाताना तिला शेतात एक जुने दगडी कोठार दिसते आणि ती ते राहायला भाड्याने मागते. पुढे पानेच्या पाने कोठाराचे घर होत जाते: चूल, पडदे, पायऱ्या, दिवे. मालकाचा मुलगा एकेक सोय गुपचूप करून देतो आणि मुलीचा स्वाभिमान दुखावू नये म्हणून कारणे शोधतो. प्रेम कुठे चालले आहे हे खिळ्याखिळ्याला कळते. पगार किती, भाडे किती, औषध कशाने आणायचे, याचा असा जागता हिशोब मला त्या काळच्या नावाजलेल्या कादंबऱ्यांतही क्वचित दिसला. कमावत्या मुलीने कमावत्या मुलींसाठी लिहावे तसे ते आहे.

हिल यांच्यानंतर बराच काळ सामसूम होती. अपवाद 1967 चा. कॅथरीन मार्शल यांनी आपल्या आईच्या तरुणपणावरून ‘क्रिस्टी’ लिहिली. एकोणीस वर्षांची शिक्षिका 1912 मध्ये टेनेसीच्या डोंगरातल्या दरिद्री वस्तीत शिकवायला जाते. एकीकडे तरुण पाळक, दुसरीकडे श्रद्धा हरवलेला डॉक्टर. विषमज्वराची साथ, दारूच्या चोरट्या भट्ट्या, खानदानी वैरे हे सगळे त्यात आहे. पुढे या क्षेत्रातल्या मोठ्या पारितोषिकाला याच कादंबरीचे नाव मिळाले, ते मला रास्त वाटते.

मग 1979 आले. कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतातल्या जॅनेट ओक यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ मिनिआपोलिसच्या बेथनी हाउसने छापली. ख्रिस्ती पुस्तकांची दुकाने तोवर अमेरिकाभर पसरली होती, त्यांची संघटना 1950 पासून होती, पण त्यांच्या फळ्यांवर बायबल, टीका-भाष्ये आणि उपदेश यांचीच गर्दी. या एका पुस्तकाने कथेसाठी फळी मोकळी करायला लावली. कथा इतकी साधी की सांगताना संकोच वाटावा. पश्चिमेकडे निघालेल्या मार्टीचा नवरा अपघातात मरतो. ती गरोदर, एकोणीस वर्षांची, खिशात पैसा नाही. त्याला पुरल्याच्या दिवशीच क्लार्क डेव्हिस नावाचा अनोळखी विधुर समोर येऊन सांगतो, माझ्या लहान मुलीला आई हवी आहे, नावापुरते लग्न कर, वसंतात गाड्या परत पूर्वेला निघतील तेव्हा जावेसे वाटले तर भाडे मी देईन. ती दुसरा उपाय नाही म्हणून हो म्हणते आणि त्याचा मनोमन तिरस्कार करते.

पुढे काय घडते? तिला स्वयंपाक येत नाही. ती रोज पॅनकेक करते, तो रोज मुकाट्याने खातो. बाळ जन्मते. हिवाळा येतो. तो जेवणापूर्वी प्रार्थना करतो, ती ऐकत बसते आणि हा माणूस कुणाशी बोलतो आहे असे नवल करते. घटना म्हणाव्या तर एवढ्याच. आधी लग्न, मग प्रेम ही चाल अमेरिकन वाचकाला नवी वाटली असेल. आपल्या आज्या-पणज्यांना त्यात नवे काही दिसले नसते, क्लार्कने परत जाण्याचे भाडे कबूल केले ही अट सोडून. पण त्या अटीवरच तर सगळी गोष्ट उभी आहे. दार उघडे आहे म्हणूनच राहण्याला किंमत आहे. ओक यांची भाषा खडबडीत आहे, सीमेवरच्या बोलीचे त्यांनी केलेले अनुकरण कधीकधी कान दुखवते, आणि पुढच्या भागांत पाणी घातलेले जाणवते. तरीही हा पहिला भाग मी कुणाही नवख्या वाचकाच्या हातात आधी देईन. 2003 मध्ये त्यावर दूरचित्रवाणीचा चित्रपट झाला, तो पुस्तकाहून गुळगुळीत आहे.

ओक यांच्या वाचक बायका होत्या, पण पुस्तके त्यांच्या मुलीही वाचत होत्या. त्या मुलींच्या स्वतःच्या जगाची गोष्ट लिहिली रॉबिन जोन्स गन यांनी. देवळातल्या तरुणांच्या गटाबरोबर काम करताना मुली काय वाचतात ते त्यांनी पाहिले, आणि मुलींनीच आग्रह धरला की मग तुम्ही लिहा. 1988 च्या ‘समर प्रॉमिस’मध्ये विस्कॉन्सिनच्या शेतावरची क्रिस्टी मिलर सुट्टीला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर श्रीमंत नातेवाइकांकडे येते आणि तिला लाटांवर खेळणारा टॉड भेटतो. हे धरून बारा पुस्तके शाळेची, मग तीन कॉलेजची. दोघांचे लग्न लागले 2001 च्या ‘आय प्रॉमिस’मध्ये. तेरा वर्षे! पहिल्या पुस्तकाच्या वेळी जी वाचक चौदा वर्षांची होती ती तोवर सत्तावीस वर्षांची झाली होती, कदाचित एका मुलाची आई. थांबण्याची गोष्ट सांगणाऱ्या लेखिकेने वाचकालाही थांबवून ठेवले. याकोबाची सात वर्षे यापुढे काहीच नाहीत.

इथून फांद्या फुटल्या. मेलडी कार्ल्सन यांनी 2000 पासून डायरीच्या रूपात किशोरींच्या अधिक खरखरीत अडचणी लिहिल्या. स्टेफनी पेरी मूर यांनी पेटन स्काय या मुलीच्या निमित्ताने कृष्णवर्णीय अमेरिकन मंडळ्यांतल्या मुलामुलींना नायक-नायिका केले, कारण तोवर मुखपृष्ठावरच्या त्या टोपीखाली नेहमी सोनेरीच केस असत. कॅथलिक बाजूला रेजिना डोमन यांनी परीकथांना आजच्या न्यूयॉर्कमध्ये आणले. मॉर्मन पंथातल्या जॅक वेलँड यांची 1980 ची ‘चार्ली’ त्या पंथाच्या तरुणांत घरोघरी पोचली. मॉर्मनांना ख्रिस्ती म्हणावे की नाही यावर इतर पंथ वाद घालतात, वाचकांनी तो वाद घातला नाही.

सर्वांत जोमदार फांदी आमिश कथेची. 1997 मध्ये बेव्हर्ली लुइस यांची ‘द शनिंग’ आली. पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर परगण्यातली केटी लॅप लग्नाच्या तोंडावर आहे, तिला निषिद्ध असलेले गिटार आवडते आणि आपण दत्तक आहोत हे तिला कळते. वीज न वापरणाऱ्या, घोडागाडीतून फिरणाऱ्या या समाजाविषयी शेकडो कादंबऱ्या निघाल्या. लेखिका आणि वाचक बहुतांशी बाहेरच्याच. व्हॅलरी वीव्हर-झर्चर यांनी 2013 मध्ये या लाटेवर एक चोख अभ्यासग्रंथ लिहिला. त्यापूर्वी 2006 मध्ये लिन नील यांनी या कादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांनाच बोलते केले होते. या दोन पुस्तकांनी मला एक सवय लावली: वाचकाला मूर्ख समजून सुरुवात करायची नाही.

आता अडचणीची गोष्ट. 1993 मध्ये अमेरिकेत ‘ट्रू लव्ह वेट्स’ नावाची मोहीम सुरू झाली. लग्नापर्यंत संयम पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रांवर लाखो मुलामुलींनी सह्या केल्या. 1997 मध्ये एकवीस-बावीस वर्षांच्या जोशुआ हॅरिस या तरुणाने मुलामुलींनी एकत्र फिरण्यालाच रामराम ठोकणारे पुस्तक लिहिले, ते दहा लाखांवर खपले. त्या वातावरणात कादंबरीचा नियम झाला आणि नियमाची कादंबरी. मुलीचे शरीर म्हणजे एकदा उघडले की किंमत उतरणारी वस्तू, आणि मुलाच्या नजरेची जबाबदारी मुलीच्या कपड्यांवर. त्यातून मोठ्या झालेल्या बायकांनी पुढे आपली भीती, लाज, लग्नानंतरही न सुटलेले अवघडलेपण यांविषयी लिहिले. 2018 मध्ये हॅरिस यांनी माफी मागून स्वतःचे पुस्तक छापणे थांबवले, आणि पुढच्याच वर्षी आपण आता ख्रिस्ती राहिलो नसल्याचे जाहीर केले.

या कादंबऱ्या त्या दोषातून सुटतात असे मी म्हणणार नाही. काहींनी तर तो दोष गोड करून वाढला. मला खटकते ते थांबणे नव्हे, थांबण्याचा सौदा: आज इतके सोसलेस की उद्या अमुक मिळेल, उंच, देखणा आणि प्रार्थना करणारा. क्रिस्टी मिलरच्या मालिकेतही हा सूर अधूनमधून लागतो. ‘लव्ह कम्स सॉफ्टली’त मात्र तो लागत नाही, कारण मार्टीने काही राखून ठेवलेलेच नाही. ती विधवा आहे, आई आहे, आणि तिला मिळते ते बक्षीस म्हणून मिळत नाही.

विधवा म्हटले की मला घरी यावे लागते. 1857 मध्ये बेळगावच्या बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ती आपण परीक्षेपुरती पाठ करतो. विषय हिंदू विधवांची स्थिती, हेतू उघड धर्मप्रचाराचा. समीक्षकांनी तिला निबंधवजा म्हणून कोपऱ्यात बसवले आणि ते फारसे चूक नाही. पण त्या गोष्टीचा कणा पाहा. एक सुशिक्षित जोडपे प्रवासाला निघते, दोघे बरोबरीने बोलतात, एकत्र प्रार्थना करतात. नवरा जातो. यमुना पुढे ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. नवराबायकोतली मैत्री आणि विधवेचा दुसरा संसार, दोन्ही श्रद्धेच्या आधाराने. मराठी कादंबरीचा जन्मच या कुळात झाला, असे म्हटले तर कुणी दचकू नये.

दुसरे नाव कृपाबाई सत्त्यनाधन. 1862 मध्ये अहमदनगरला, हरिपंत आणि राधाबाई खिस्ती या ब्राह्मणातून ख्रिस्ती झालेल्या जोडप्याच्या पोटी जन्मलेल्या. वडिलांनी धर्म बदलला तेव्हा आईचे मन तयार नव्हते, ती मागून आली. कृपाबाई वैद्यकी शिकायला मद्रासला गेल्या, प्रकृतीने साथ दिली नाही, तिथेच सॅम्युएल सत्त्यनाधन यांच्याशी लग्न झाले आणि 1894 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, त्या वारल्या. 1887-88 मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून क्रमशः आलेली ‘सगुणा’ ही त्यांचीच गोष्ट, इंग्रजीतली. पुस्तकांची हावरी, डोंगरात भटकणारी, मिशनरी बायकांच्या उपकाराच्या सुराने संतापणारी मुलगी शेवटी आपल्या पसंतीच्या, आपल्या बुद्धीचा मान ठेवणाऱ्या माणसाशी लग्न करते. दुसरी कादंबरी ‘कमला’ हिंदू बालवधूची. तिला प्रेम भेटते, पुनर्विवाहाची वाट समोर असते आणि ती नको म्हणते. एकाच लेखणीतून होकाराची आणि नकाराची अशा दोन गोष्टी याव्यात आणि दोन्ही नायिकांवर तिची सारखीच माया असावी! ही उदारता मला नंतरच्या अमेरिकन लेखिकांत फार थोड्यांजवळ आढळली.

आपल्याकडे पुढे हा झरा का आटला, याचे एकच उत्तर माझ्याजवळ नाही. ‘ज्ञानोदय’ 1842 पासून होता, मुलांसाठी ‘बाळबोधमेवा’ 1873 मध्ये निघाला, म्हणजे छापखाना आणि वाचक दोन्ही होते. पण ख्रिस्ती मराठी प्रतिभा वळली ती कवितेकडे, कीर्तनाकडे आणि आत्मचरित्राकडे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही माझ्या मते या वाटेवरची सर्वश्रेष्ठ प्रेमकथा आहे, फक्त तिला तसे कुणी म्हणत नाही. नवरा धर्मांतर करतो, जोडपे पाच वर्षे दुरावते आणि पुन्हा एकत्र येते. दोघांमध्ये तिसरा कोण, हे शोधायलाच नको.

इकडे मराठीत तरुणांनी काय वाचावे हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 1962 च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. 1969 मध्ये न्यायालयाने लेखकाला सोडले. किशोरवयीनांच्या हाती प्रेम आणि कामभावना असलेली कितीतरी पुस्तके असतातच, आणि नुसता उल्लेखही अश्लील ठरवला तर निव्वळ धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकता येणार नाही, असा निकालाचा रोख होता. वाचताना मला आमचे कपाट आठवले. धार्मिक पुस्तकांच्या त्याच फळीवर प्रेमकथा बसलेली होती!

आज हा विषय काढण्याची कारणे दोन. ज्या दुकानांनी हा प्रकार वाढवला ती गेली. अमेरिकेतल्या फॅमिली ख्रिश्चन या साखळीने 2017 मध्ये दोनशे चाळीसच्या आसपास दुकाने बंद केली, लाइफवेने 2019 मध्ये उरलेली सगळी, एकशे सत्तर. प्रकाशक आधीच मोठ्या माशांच्या पोटात गेले होते. झॉन्डरव्हन 1988 मध्ये हार्पर अँड रोकडे, म्हणजे पुढच्या हार्परकॉलिन्सकडे, थॉमस नेल्सन 2012 मध्ये. फळी गेली, आता शोध मोबाइलवर. दुसरे कारण त्याच मोबाइलचे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला तिथे रंगीत मुखपृष्ठाची जी प्रेमकथा सुचवली जाते, तिच्या आत काय आहे हे मुखपृष्ठावरून कळत नाही. पालक घाबरून सरसकट बंदी घालतात किंवा थकून दुर्लक्ष करतात. पुण्या-मुंबईच्या, आणि आता न्यूजर्सी-सिडनीच्याही मराठी घरांतून, ख्रिस्ती नसलेल्या घरांतूनही, मला विचारणा होते: प्रेम असलेले पण आपण मुलीबरोबर बसून वाचू शकू असे काही आहे का? आहे. पण ते सगळे चांगले नाही, आणि जे चांगले आहे ते का चांगले आहे हे कुणीतरी सांगायला हवे.

म्हणून या पुस्तकात शिफारशींचा तक्ता नाही. कोणत्या वयाला कोणते पुस्तक, चुंबने किती, असे कोष्टक करून द्या असे एका हितचिंतकाने सुचवले होते. मी केले नाही. थोड्या पुस्तकांजवळ मी बराच वेळ बसले आहे आणि बाकीच्यांवरून नुसती नजर फिरवली आहे. नायिका नाही म्हणते ते प्रसंग मी मुद्दाम जास्त वाचले आहेत, कारण मुलीचा नकार कुणाच्या बळावर उभा राहतो, हे तिथे दिसते. घरचे एकीकडे, मन दुसरीकडे आणि ती प्रार्थनेत तिसऱ्याला विचारते आहे. हे विचारणे खरे आहे की घरच्यांच्याच मताला दिलेला देवाचा आवाज आहे? प्रत्येक पुस्तकात याचे उत्तर वेगळे आले, आणि दोन ठिकाणी लिहितालिहिता माझे मत उलटे झाले. तशीच ठेवली आहेत दोन्ही. श्रद्धा नसलेल्या वाचकानेही हे पुस्तक वाचावे असे मी धरून चालले आहे, त्यामुळे बायबलातले संदर्भ जागच्या जागी सांगितले आहेत. ज्यांना ते पाठ आहेत त्यांनी तेवढ्या ओळी ओलांडाव्यात.

भाषेचे थोडे. ‘कोर्टशिप’ला मराठी शब्द मिळाला नाही. ‘प्रियाराधन’ नाटकातला वाटतो, आणि आमच्यात मागणी, साखरपुडा आणि मग तीन रविवार देवळात नावे पुकारणे यांच्यामध्ये त्या गोष्टीला वेगळी जागाच नव्हती. तेव्हा जिथे जे घडते ते सांगितले आहे, नाव दिलेले नाही. पदार्थांच्या बाबतीत माझ्या बहिणीशी वाद झाला. हस्तलिखित वाचून ती म्हणाली, पॅनकेक कसले, धिरडी म्हण, बायकांना लगेच कळेल. मी दोन दिवस विचार केला आणि पॅनकेकच ठेवले. मार्टीने एकदा धिरडी घातली की क्लार्क पुढच्या पानावर लसणीची चटणी मागणार.